तळाची ओळ

इंग्रजी अमलात एका गावी रखमाजी जिनगराचा छापखाना होता. त्यात एक लोखंडी यंत्र होतं आणि एक छापायचा दगड. छापील कागदाच्या तळाशी छापखान्याचं नाव हवंच, आणि सरकारविरुद्ध छापलं तर यंत्र जप्त, असा कायदा होता. म्हणून यंत्रावर नावानिशी लग्नपत्रिका निघत आणि दगडावर सरकारविरुद्धची बिननावाची पत्रकं. मग रखमाजीची बायको सगुणा वाळूने घासून दगड कोरा करी.

पत्रकं लोक पागोट्यात लपवून नेत. यंत्राचा जळफळाट होई. "माझ्या पत्रिकांत सुपाऱ्या बांधतात, आणि या धोंड्याचं लिखाण डोक्यावर!"

"पण नाव तुझंच असतं ना?" दगड म्हणाला.

ते यंत्राच्या मनात बसलं. एका दुपारी रखमाजी वाळलेली पत्रकं यंत्रावर ठेवून जेवायला गेला. लग्नपत्रिकेची तळाची, छापखान्याच्या नावाची ओळ यंत्रात तशीच राहिली होती. यंत्राने ती एकेका पत्रकावर उमटवली, आणि रखमाजीने न बघताच गठ्ठा वाटला.

तिसऱ्या दिवशी जमादार आला.

"मी नाही, त्या दगडाने छापलं!" यंत्र ओरडलं.

"नाव तर तुझं आहे," म्हणत जमादाराने कोऱ्या दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी आवळली.

यंत्र गाडीत चढलं. मागून रखमाजी बेड्यांत चालला. रस्त्यावर सारं गाव लोटलं होतं. आपल्यालाच बघायला आलेत, असं यंत्राला वाटलं. लोक रखमाजीला हात जोडत होते.

अंगणात सगुणा दगडावरचा बुटाचा ठसा वाळूने घासून काढत होती. संध्याकाळपर्यंत तिला दगड कोरा हवा होता.