हिरडझरीची फुटकी पाळ

ही समोरची पाळ, तलावाचा मातीचा बांध, मधोमध फुटलेली दिसते ना, ती अशीच आहे. कितीदा बांधली, त्याच जागी जाते. तुम्ही त्या जनावराला बघायला आलात, तर आधी ही फुटली कशी ते ऐका.

पूर्वी इथे तलाव नव्हता, असं सांगतात. झरी होती आणि तिच्यात एक खोल डोह. डोहात जे राहायचं त्याला आम्ही मासे धरणारे ढिवर लोक धनी म्हणायचो. मान घोड्यासारखी, पाठ पालथ्या डोंग्यासारखी, आमच्या लाकडी नावेसारखी. आम्ही डोहात जाळं टाकत नव्हतो आणि तो डोह सोडत नव्हता.

बकाराम पाटलाला धानासाठी पाणी हवं होतं. म्हाताऱ्यांनी नको म्हटलं तरी त्यानं झरीवर पाळ घातली. पाणी चढलं, डोह तलावात बुडाला आणि धन्याला चहूकडे वाट मिळाली. आधी म्हशी गेल्या. मग पाटलाचा धाकटा भाऊ आंघोळीला उतरला, तो वर आलाच नाही.

"तुम्हीच पाळलाय त्याला," पाटील ढिवरांना म्हणाला. त्याच्या माणसांनी आमचे डोंगे जाळले. एकच ठेवला. त्यात आमच्या वस्तीतल्या रेवताच्या नवऱ्याला, सुकलला, भाला देऊन बसवलं. मारून आण, नाहीतर वस्ती पेटवतो, असा हुकूम होता. सुकल तलावाच्या मध्यावर पोचला तेव्हा पाणी एका जागी फुगलं आणि डोंगा उभा झाला. मग काहीच दिसलं नाही. पाटील पाळीवरून बघत होता. थोडा वेळ थांबला आणि घरी जेवायला गेला.

रेवता रडली नाही, म्हणे. ती घरोघर फिरली. "पाणी उतरलं की तो डोहात परत जाईल," एवढंच म्हणाली. पाटील बाजाराला गेला त्या दिवशी वस्तीतल्या बायांनी भर उन्हात कुदळी मारून पाळ फोडली. पाणी सुटलं ते पाटलाचं उभं धान घेऊन गेलं.

पाटील परतला तेव्हा गुडघाभर पाणी उरलं होतं. पलीकडच्या काठावर रेवता कुदळ टेकून उभी होती. तो कुऱ्हाड घेऊन सरळ तिच्याकडे निघाला.

"पाटील, तिथं डोह आहे," रेवता म्हणाली.

त्याला वाटलं, ही भीती दाखवते. तो चालत राहिला. पायाखालचा तळ सुटला तेव्हा कुऱ्हाड टाकून त्यानं हाक मारली, "डोंगा आणा!"

सगळे ढिवर काठावर होते. कोणी हललं नाही.

"कोणता डोंगा, पाटील?" रेवतानं विचारलं.

पाटलाचं पागोटं तेवढं तरंगत काठाला लागलं, असं सांगतात.

धनी अजून दिसतो. गेल्या हिवाळ्यात सहलीला आलेल्यांना पाठ दिसली. त्यांनी दगड मारले, हसले, मग एकजण पोहायला उतरला. आम्ही त्याला सांगितलं होतं.

आजही इथे येईल त्याला आम्ही डोहाची जागा दाखवतो. एकदाच दाखवायची, ही रेवतानं घातलेली रीत. दुसऱ्यांदा कोणी हाक मारत नाही, हात धरत नाही.

त्या वाळक्या झाडाच्या पुढे पाणी काळं दिसतं ना? तिथं डोह आहे.