करवंदीच्या शेंड्यावरची जागा

त्या माळावर करवंदीची एक जाळी होती आणि जाळीत हिरव्या किड्यांचं राज्य होतं. त्यांना पंख होते, पण उडता येत नसे. पंखावर पंख घासून किरकिरायचं, एवढाच उपयोग. कान पुढच्या पायांत, ढोपराखाली. देवानं कान नेऊन ढोपराखाली बसवले, त्यावरूनच जातीची अक्कल ओळखावी.

उन्हं कलली की राजा शेंड्यावर बसून किरकिरे. तेव्हा दरबारानं डोळे मिटून, पुढचे पाय छातीशी घट्ट जोडून बसायचं. गाणं संपलं की राजा एकेकाला मिशी लावून खूण करी, मग पाय सोडायचे. पाय जोडले की कान मिटत. म्हणजे राजाचं गाणं कुणी ऐकलेलंच नव्हतं. वाहवा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू.

बुडाशी म्हातारा भुंडा राही. मागचा एक पाय खाटीक पक्ष्याच्या चोचीत टाकून तो जगला होता. फांदी धरायलाच त्याला पुढचे पाय लागत, जोडणार काय? म्हणून त्याला दरबार बंद.

त्याच्या पोराला, शेलाट्याला, त्या दिवशी शेंड्याजवळ जागा मिळाली.

"एक पाय मोकळा ठेव," भुंडा म्हणाला. "खाटीक येताना पंख वाजतात. मी ऐकलेत."

"आबा, शेवटची कात टाकल्यापासून तुमच्यापायी खाली सडतोय. एक पाय सोडून बसलो तर लोक हसतील."

"हसू देत. हसण्यानं कोण मेलंय?"

शेलाटा वर गेला. दोन्ही पाय जोडून बसला.

गाणं रंगात आलं आणि भुंड्याला पंख ऐकू आले. तो पंख झिजेस्तोवर किरकिरला. पाच पायांनी अर्धी फांदी चढला. खाटकानं आधी राजाच उचलला. आता मिशी लावणार कोण? दरबार तसाच बसून राहिला, डोळे मिटून, नेमानं. खाटकानं सावकाश एकेक उचलला आणि शेंड्याच्या काट्यांवर खोचून ठेवला.

सकाळी खालच्या फांद्यांवरचे किडे रिकाम्या जागांसाठी वर निघाले. भुंड्यापाशी एकजण थबकला. वर उंच काट्यावर शेलाटा होता, पाय अजून छातीशी जोडलेले.

"म्हातारबा, तो तुमचाच ना?" तो म्हणाला. "एका दिवसात राजाच्या शेजारी. नशीब काढलं पोरानं."

आणि चढता चढताच त्यानं पुढचे पाय जुळवून पाहिले.