हट्टी माणसांचं गाव

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कोणालाच आठवत नाही. त्याचा शिक्का तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

त्या राज्यात शिक्क्यावाचून पान हलत नसे. विहीर खणायची, शिक्का आणा. भट्टी पेटवायची, शिक्का आणा. घराला नवी खिडकी पाडायची, तरी आधी राजधानीला जा, कचेरीच्या पायरीवर बसून राहा आणि शिक्का उमटवून आणा. लोक कुरकुरत, पण जात.

तुळजाक्का नावाची एक कासारीण होती. पाठीला बांगड्यांचं गाठोडं बांधून ती गावोगाव फिरे. बायका तिच्यापुढे हात धरून बसत आणि बांगड्या भरता भरता मनातलंही बोलून जात. त्यामुळे कुठल्या गावात काय शिजतंय, ते राजाच्या हेरांआधी तिला कळे.

एका गावात रावबा नावाचा विहिरी खोदणारा होता. उन्हाळ्यात पोरं डबक्यातलं पाणी पितात हे बघून त्यानं शिक्का न आणताच स्वतःच्या रानात विहीर पाडली. शिपाई आले. त्यांनी त्याची विहीर त्याच्याच हातांनी बुजवून घेतली.

"सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं, आक्का," रावबा म्हणाला. "माझ्या विहिरीचं पाणी भरणारेसुद्धा. या गावात माझ्यासारखा मी एकटाच."

दुसऱ्या गावात केरबा लोहारानं नव्या घडणीचा नांगर केला, म्हणून त्याचा भाता फाडला होता. तिसऱ्या गावात एक म्हातारे पंतोजी चिंचेखाली मुलींना अक्षरं शिकवत, म्हणून ती चिंचच तोडली होती. आणि दोघंही तेच म्हणाले, "या गावात माझ्यासारखा मी एकटाच."

त्या दिवशी नदीवर पाय धुता धुता तुळजाक्का थबकली. 'अगं बाई,' ती मनाशी म्हणाली, 'हे सगळे एकटे खरे. पण आहेत किती!'

राज्याच्या कडेला एक माळ होता. पाणी नाही म्हणून तिथलं गाव केव्हाच उठून गेलं होतं. तुळजाक्कानं तो माळ पायांनी फिरून पाहिला आणि परत निघाली ती थेट केरबाच्या दारात.

"घरदार सोडून त्या माळावर यायचं?" केरबा म्हणाला. "तिथं आहे काय?"

"काही नाही. म्हणून तर अजून कोणाचा शिक्का पोचला नाही."

"आणि मी गेलो, बाकी कोणी आलंच नाही, तर?"

"तर तू जाऊच नकोस. आज नुसता शब्द दे. माझ्यासकट एकवीस जणांचा शब्द जमला, की सगळ्यांनी एकाच दिवशी निघायचं. एक जरी कमी पडला, तरी कोणी उंबरा ओलांडायचा नाही."

"आणि तिथं नियम कोणाचा?"

"शपथ दोनच गोष्टींची. कोणी कोणाला हुकूम करायचा नाही. आणि कोणावर संकट आलं, तर दारात उभं राहून बघायचं नाही."

केरबानं फाटक्या भात्याकडे पाहिलं आणि शब्द दिला.

या मंडळीला तिनं 'मोकळा मेळ' असं नाव दिलं. लोक हसले. तिचा सख्खा भाऊ म्हणाला, "ताई, ही बेडकांची मोट आहे. एकाला पाटीत घालशील तर दोन बाहेर उडी मारतील." तीन वर्षं ती चालत राहिली. बांगड्या थोड्या विकल्या गेल्या, चपला खूप झिजल्या. तिसऱ्या वर्षी एकविसावा शब्द मिळाला, आणि ठरल्या दिवशी एकवीस गावांतून एकवीस घरं निघाली. निघताना कोणी हसत नव्हतं. पंतोजी तर चिंचेच्या बुंध्यापाशी बराच वेळ बसून मग उठले.

भाऊ अगदीच चुकीचं बोलला नव्हता. हट्टी माणसं ती! रस्ता कुठून काढायचा, यावरच आठ दिवस भांडण चाललं. शेवटी दोन रस्ते झाले.

मग रावबानं माळावर एक जागा हेरली आणि पहार उचलली. तुळजाक्का धावत आली. "थांब! आत्ता खणलंस तर कचेरीत बोभाटा होईल. मी सांगेन तेव्हाच पहार लावायची."

रावबानं पहार खाली ठेवली. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "आक्का, हे बोलणं मी आधी ऐकलंय. फक्त तेव्हा त्याच्या खाली शिक्का होता."

तुळजाक्काचा चेहरा उतरला. ज्यासाठी तिनं तीन वर्षं पाय झिजवले, तेच ती पहिल्या महिन्यात मोडायला निघाली होती. तिनं पदर खोचला, मातीची पाटी उचलली आणि म्हणाली, "चुकले. मार पहार."

चाळीस दिवसांनी पाणी लागलं. विहीर रुंद होती, पायऱ्यांची होती. पाणी कमरेएवढं चढलं आणि आठवड्यानं घोड्यावरून कारभारी आला, मागे पन्नास शिपाई, हातांत फावडी.

"तुमचा मुखिया कोण?"

"कोणी नाही," केरबा म्हणाला.

"मग ही विहीर कोणी खणली?"

"मी," रावबा म्हणाला. "मी," तुळजाक्का म्हणाली. "मी," पंतोजी म्हणाले, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात पहार धरली नव्हती. एकवीस वेळा तोच शब्द ऐकून कारभारी चिडला. "बुजवा!" तो ओरडला.

तेव्हा रावबा पायऱ्या उतरून पाण्यात जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे तुळजाक्का, मग केरबा, मग एकेक करून सगळे. दारात एकही माणूस उरला नाही. कमरेएवढ्या पाण्यातून रावबानं वर पाहिलं आणि हाक दिली, "टाका माती!"

शिपायांची फावडी हलेनात. दुपार झाली. पंतोजींचे दात वाजू लागले, तरी ते वर येईनात. शेवटी कारभाऱ्यानं स्वतः फावडं भरून माती लोटली. ती पंतोजींच्या खांद्यावर पडली. म्हाताऱ्यानं ती झटकली नाही.

"एवढीशी?" ते म्हणाले. "आम्ही एकवीस आहोत."

कारभाऱ्याचा हात दुसऱ्यांदा उचलला गेला नाही. एका शिपायानं फावडं टाकलं, मग दुसऱ्यानं. दिवस कलायच्या आत सगळे आल्या वाटेनं परत गेले.

पंधरा दिवसांनी राजधानीहून रेशमी कापडात गुंडाळलेला कागद आला. 'माळावरील विहिरीस महाराज कृपावंत होऊन परवानगी देत आहेत.' खाली टपोरा शिक्का. राजाला आपली लाज झाकायची होती. मेळातले दोघंतिघं म्हणाले, "घेऊन ठेवू, काय बिघडलं?" पण तुळजाक्कानं सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्यांच्या मतानं पंतोजींनी त्याच कागदाच्या मागे लिहिलं: 'आम्ही मागितली नव्हती, म्हणून घेता येत नाही.' कागद परत गेला.

ही बातमी गावोगाव पसरली. पुढच्या उन्हाळ्यात रावबाच्या जुन्या गावानं बुजवलेली विहीर उकरली, आणि शिपाई आले तेव्हा सगळं गाव दारं सोडून काठावर येऊन उभं राहिलं. हळूहळू कचेरीच्या पायरीवर कोणी बसेनासं झालं. शिक्क्याची शाई वाळून गेली.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: धाडस ज्याचं त्याच्या अंगात असावं लागतं, पण ते टिकायला धाडसी शेजार लागतो.