टीचभर आरसा

सन दोन हजार एकोणीसचा फाल्गुन. शिमगा आठवड्यावर आला होता आणि ऊन आतापासूनच डोक्यात शिरत होते. त्या साली एका तालुक्याच्या गावात शिवलिंगाप्पा नावाचा एक म्हातारा सायकलवाला राहत होता. मोडक्या सायकली घ्यायच्या, त्यांना नवे रूप द्यायचे आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. गावात सायकलीला गिऱ्हाईक उरले नव्हते. म्हणून त्याची सून मोबाईलवर फोटो टाकायची आणि लांबलांबची माणसे सायकल मागवायची. अप्पा ती खोक्यात बांधून कुरियरने धाडायचा.

अप्पाला दोन गोष्टींचा अभिमान होता. हातचे काम आणि तोंडचा शब्द. "मी जन्मात खोटं बोललो नाही," हे तो रोज कुणाला तरी ऐकवायचा. ऐकणारे कंटाळायचे, पण ते खरे नाही असे कुणी म्हणत नसे.

धंद्याच्या सुरुवातीला त्याचे पहिलेच खोके गिऱ्हाइकाकडे पोचले, तेव्हा आतल्या सायकलीचे चाक वाकले होते. कुरियरच्या कारकुनाने त्याला तोड सांगितली. "अप्पा, खोक्यावर 'काच' लिहा. मग हमाल जपून उचलतात. सगळे तेच लिहितात."

"सायकलीत काच कुठली? मी खोटं लिहायचा नाही," अप्पा म्हणाला.

पण वाकलेले चाक त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्याने बाजारातून टीचभर आरशांचे पुडके आणले. एक आरसा कागदात गुंडाळून खोक्यात टाकला आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, 'काच आहे. जपून.' आता ते खोटे नव्हते.

तेव्हापासून तीन वर्षे त्याची एकही सायकल वाकली नाही. गिऱ्हाइके आरसा फुकट मिळाला म्हणून खूश. अप्पा चारचौघांत सांगू लागला, "माझ्या हातची बांधणीच तशी."

त्या फाल्गुनात चंद्रपूरकडच्या एका अंगणवाडीच्या बाईंनी सायकल मागवली. मडावीबाई त्यांचे नाव. फोनवर म्हणाल्या, "दोन वस्त्यांची पोरं माझ्याकडे आहेत, अप्पा. उन्हातान्हात चालून पाय गेले. सायकल धड येईल ना?"

"माझा शब्द आहे, बाई," अप्पा म्हणाला.

खोके कुरियरच्या गाळ्यात पोचवून तो दुकानात आला, तर सायकलीची घंटी टेबलावर तशीच पडलेली. खोक्यात घालायची राहून गेली होती. अप्पा घंटी घेऊन उलट पावली निघाला.

गाळ्यापासून हमरस्त्यावरच्या ट्रकपर्यंतचा रस्ता नळाच्या पाइपासाठी उखडला होता. माल हातगाडीवरून जायचा आणि गाडी जागोजाग आदळायची. अर्ध्या वाटेत अप्पाला दस्तगीर हमाल दिसला. हातगाडीची खेप टाकून तो पुन्हा आला होता आणि आता अप्पाचे खोके डोक्यावर घेऊन पाय चाचपत चालला होता. खोक्याखाली कापडाची चुंबळ, गळ्याला मानेचा पट्टा.

"गाडी असताना डोक्यावर का घेतलंस?" अप्पाने विचारले.

"काच हाय न्हवं, अप्पा. गाडीवर घातली की तडकती." दस्तगीर थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा चालणे जड गेले असते. "तुमचं खोकं मी गाडीवर कधी घातलंच न्हाई."

"आणि तो पट्टा?"

"मणका झिजलाय. डॉक्टर म्हणतो, डोक्यावर वजन घेऊ नगंस. त्याला काय, त्याला कुठं खोकी पोचवायची हायेत."

अप्पा त्याच्या मागून चालू लागला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सायकलीत काच कुठं असते, हे तुला कधी विचारावंसं नाही वाटलं?"

"बाकीचे हमाल हसत्यात मला. म्हणत्यात, समदे काच लिवत्यात, तू एकटा खरं धरून बसलायस. मी म्हनलं, समदे लिवत असतील. अप्पा खोटं लिवत न्हाई."

अप्पाची नजर खोक्यावरच्या आपल्याच अक्षरांवर गेली. खोक्यात आरसा होता. लिहिलेले खोटे नव्हते. तो गप्प राहिला असता तरी कुणी बोट दाखवले नसते. आणि बोललो तर हेच खोके गाडीवर आदळत जाणार, ट्रकात ढिगाखाली पडणार. मडावीबाईंना दिलेला शब्द त्याला आठवला. पुढे दस्तगीरचा पाय खड्ड्यात गेला, त्याने खोके सावरले, आणि मान वळवता येईना म्हणून सगळे अंगच वळवून तो पायाखालचा रस्ता न्याहाळू लागला.

"ते खाली ठेव," अप्पा म्हणाला. "आत काच टीचभर आहे. बाकी सगळं लोखंड."

दस्तगीरने खोके अलगद खाली टेकवले. सवय होती.

"टीचभर म्हंजे?"

"आरसा. लिहिता यावं म्हणून मीच टाकलेला."

"सगळ्या खोक्यांत?"

"सगळ्या."

दस्तगीरने उपरण्याने तोंड पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. "मग ते हसत हुते ते बराबरच हुतं म्हणायचं," तो म्हणाला.

अप्पा खोक्यापाशी खाली बसला. त्याने खोके उघडून घंटी घातली, आरसा काढून खिशात टाकला. वरची 'काच' खोडून 'सायकल' लिहिले. दस्तगीरने हातगाडी आणली आणि खोके तिच्यावर गेले. गाडीचा प्रत्येक दणका अप्पाने चालता चालता ऐकला.

गाळ्यात अजून एक खोके उरले होते. तसबिरी मढवणाऱ्याच्या काचा. ती खरीच काच होती. दस्तगीर चुंबळ घेऊ लागला, तशी अप्पाने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुमचं वय काय, अप्पा?"

"तुझ्या मणक्यापेक्षा कमी," अप्पा म्हणाला आणि खोके डोक्यावर घेतले. ट्रकापाशी पोचेपर्यंत त्याने ते कुठेच टेकवले नाही.

आठवड्याने मडावीबाईंचा फोन आला. सायकल चालत होती, पण मडगार्ड चेपले होते. "माझ्या बांधणीत कसर होती, बाई," अप्पा म्हणाला आणि दुसरे मडगार्ड धाडले. हे वाक्य त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारले. इतकी वर्षे सायकली सुखरूप पोचत होत्या त्या त्याच्या बांधणीने नव्हे, एका माणसाच्या मानेवर पोचत होत्या, हे आता त्याला कळले होते. मग तो खरी बांधणी शिकला. नळ्यांना जुन्या ट्यूब गुंडाळल्या, मोकळ्या जागेत पेंढा ठासला, चाकांना फळ्या लावल्या.

आणि दुकान बंद केले की रोज तो गाळ्यावर जायचा. त्या दिवशीची खरी काच असेल ती डोक्यावर घेऊन ट्रकापर्यंत न्यायचा. हमाल त्यालाही हसले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गुडघे दुखायचे, तरी तो जायचा.

दिवाळीच्या तोंडावर दस्तगीरच्या मानेचा पट्टा निघाला आणि डॉक्टरने जपून वजन घ्यायची मुभा दिली. त्या संध्याकाळी अप्पा चुंबळ घेऊन आला, तेव्हा दस्तगीर गाळ्याच्या पायरीवर बसला होता. त्याने हात पुढे केला.

"फिटलं, अप्पा," तो म्हणाला.

अप्पाने चुंबळ त्याच्या हातात दिली.

तात्पर्य: खोटे झाकण्यासाठी टाकलेला खऱ्याचा तुकडाही खोटाच, आणि त्याचे ओझे वाहतो तो, जो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो.