खाचांतला बर्फ

हिमालयाच्या एका दुर्गम खोऱ्यात एकदा एक वृद्ध वाहनचालक राहत असत. त्यांचे नाव यशवंतराव धुमाळ. मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यात गाड्या चालवण्यात आणि चालवायला शिकवण्यात आयुष्य गेले, आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर गावी परतण्याऐवजी ते त्या खोऱ्यातच राहिले. खोऱ्याच्या तळाशी एक बाजारगाव होते आणि तिथे एका संस्थेचे डोळ्यांचे रुग्णालय होते. वरच्या खेड्यांतल्या वृद्धांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी खाली आणायचे आणि दृष्टी आली की पुन्हा घरी पोहोचवायचे, हे काम सुभेदार करीत. गावी का परत गेला नाहीत, असे कोणी विचारले तर ते म्हणत, "येताना माणूस माझा हात धरून गाडीत चढतो. जाताना तोच मला सांगतो, आबा, तुमच्या शर्टाची गुंडी तुटलीय. असलं काम सोडून मी कुठं जाऊ?"

वय झाले, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी एक शिष्य घेतला. विश्वंभर गव्हाणे हा परभणीचा. तिशीला टेकलेला, ट्रक आणि बस दोन्हींवर हात बसलेला. इंजिनाचा आवाज ऐकून तो दुखणे ओळखी. बर्फ मात्र त्याने इथे येईपर्यंत फक्त सरबतात पाहिला होता. तो मन लावून शिकला. सुभेदारांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही. पण त्या पावसाळ्याच्या अखेरीस एक प्रसंग घडला आणि तो त्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला.

खालच्या रस्त्याचे रुंदीकरण चालू होते. खोदलेल्या मातीवर पाऊस पडून बाजाराच्या तोंडाशी गुडघाभर चिखल झाला होता. ऐन बाजाराच्या दिवशी विश्वंभरची गाडी तिथे अडकली. चाके जागच्या जागी गरगरत होती आणि चिखल भाजीच्या पाट्यांवर उडत होता. समोरच टायरचे दुकान होते. त्याचे मालक बन्सीलाल, ज्यांना सारा गाव लालाजी म्हणे, दुकानाच्या पायरीवर बसून पोट धरून हसले. "मैदानातला पैलवान पहिल्याच डावात चीत झाला," असे ते म्हणाले, आणि सगळा बाजार हसला. गाडी शेवटी कशीबशी बाहेर निघाली. विश्वंभरच्या मनातून तो दिवस मात्र निघाला नाही. लालाजी दिसले की तो मान वळवी. कोणी सहज हसले तरी ते आपल्यालाच हसले असे त्याला वाटे.

पुढे हिवाळा तोंडावर आला. गाडीचे जुने टायर गुळगुळीत झाले होते. सुभेदार विश्वंभरला घेऊन लालाजींच्या दुकानात गेले.

विश्वंभरने दुकानात शिरताच बोट दाखवले. भिंतीला टेकून एक धिप्पाड टायर उभा होता. अंगावर रबराचे जाड ठोकळे, दोन ठोकळ्यांच्या मध्ये हाताची मूठ मावेल एवढ्या खाचा. "आबा, हाच घेऊ. असल्या टायरवर गाडी चिखलात अडकायचीच नाही."

"माल पक्का आहे," लालाजी म्हणाले. "चिखलातला राजा आहे हा."

विश्वंभरने त्यांच्याकडे पाहिले नाही.

सुभेदारांनी त्या टायरवर अंगठा दाबला. मग ते आत गेले आणि दुसरा टायर बाहेर ढकलत घेऊन आले. हा दिसायला साधा. खाचा मध्यम, ठोकळे आटोपशीर, आणि प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने ओढाव्यात तशा बारीक चिरा. त्यांनी विश्वंभरचा अंगठा धरून त्यावर टेकवला. रबर मऊ लागले.

"थंडीत तो पहिला दगड होईल," सुभेदार म्हणाले. "हा मऊ राहील. या चिरा निसरड्यावर उघडतात आणि रस्ता पकडतात. लालाजी, हे चार बसवा."

"पण आबा, खाली चिखल आहे," विश्वंभर म्हणाला. "याच्यावर अडकलो तर?"

"अडकलास तर उशीर होईल. वर बर्फावर घसरलास तर खाली दरी आहे. तू कुठल्या जागेसाठी टायर निवडतोयस, जिथं तू मरशील त्या, की जिथं तुला लोक हसले त्या?"

गुरूंनी सांगितले म्हणून विश्वंभरने ते मान्य केले. पटले म्हणून नव्हे. भिंतीशी उभ्या असलेल्या त्या धिप्पाड टायरकडे तो जाताना वळून पाहत राहिला.

काही दिवसांनी पहिला मोठा बर्फ पडला. रुग्णालयात तेव्हा छेरिंग नावाची एक आजी होती. खिंडीपलीकडच्या खेड्यातली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले होते आणि डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली होती. त्याच दिवशी दुपारी तिच्या नातवाचे लग्न होते. नातू तान्हा असतानाच तिच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता, त्यामुळे त्याचा चेहरा तिला हातानेच ठाऊक होता.

निघण्यापूर्वी सुभेदारांनी किल्ली विश्वंभरच्या हाती दिली.

"आज तू चालव. मी शेजारी बसतो. संस्था चालवणाऱ्या बाईंनी मला विचारलंय, हिवाळ्यात गाडी चालू ठेवायची की बंद. माझ्याच्यानं आता होत नाही. तुला जमलं तर चालू. नाही जमलं तर वरची माणसं वसंतापर्यंत अंधारात थांबतील."

विश्वंभरने किल्ली घेतली. तो चालकाच्या जागी चढून बसला.

गाडी बाजारातून निघाली तेव्हा लालाजी दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी हात वर केला. विश्वंभरने समोर पाहूनच गाडी पुढे काढली. सुभेदारांनी ते पाहिले.

गावाबाहेर चिखल लागला. रात्री गोठलेली माती उन्हाने सैल झाली होती. पुढची चाके आत गेली, गाडी जड झाली, आणि विश्वंभरला तो बाजारचा दिवस आठवला. ॲक्सिलरेटरवरचा त्याचा पाय आपोआप वर येऊ लागला.

"पाय काढू नको," सुभेदार शांतपणे म्हणाले. "एकदम दाबूही नको. चाक फिरतं ठेव. चिखल ते स्वतःच टाकून देईल."

विश्वंभरने पाय स्थिर ठेवला. खाचांत बसलेला चिखल गोळ्यागोळ्यांनी मागे उडू लागला. मोकळ्या झालेल्या खाचेत पुन्हा चिखल बसे, पुन्हा उडे. गाडी रांगत, डुलत, पण न थांबता पलीकडच्या खडीवर चढली. मागे बसलेली आजी काळ्या चष्म्यातून खिडकीबाहेर पाहत होती. "केवढा चिखल उडाला," ती कौतुकाने म्हणाली. आज तिला सगळ्याचेच कौतुक होते.

विश्वंभरच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. टायरबद्दलचे त्याचे मत अर्धे बदलले होते.

दीडेक तास चढल्यावर चिखल संपला आणि सगळीकडे पांढरे झाले. खिंडीच्या शेवटच्या चढणीआधी एक सपाट जागा होती, तिथे गाडी थांबवून सुभेदारांनी थर्मासमधला चहा काढला. विश्वंभर खाली उतरला आणि चाकाशी वाकला. चारही टायरच्या खाचा बर्फाने गच्च भरल्या होत्या. खाली चिखल झटकून टाकणारे हेच टायर इथे बर्फ मात्र पोटाशी धरून बसले होते. 'चढ तर आता समोर आहे,' त्याने विचार केला, 'आणि खाचा बुजलेल्या.' त्याने पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, जमिनीवर बसला आणि एकेक खाच कोरून साफ करू लागला. बोटे बधिर झाली. एक चाक पुरते स्वच्छ करून तो दुसऱ्याकडे वळला.

तेवढ्यात सुभेदार चहाचा पेला बॉनेटवर ठेवून आले. ते साफ केलेल्या चाकाजवळ गुडघ्यावर बसले, बाजूचा ओंजळभर ताजा बर्फ उचलला, आणि विश्वंभरने कोरलेल्या खाचांत अंगठ्याने दाबून भरू लागले.

विश्वंभर पाहतच राहिला. "आबा, काय करताय? मी आत्ताच साफ केलंय ते."

"म्हणून तर भरतोय."

गाडीत बसलेली आजी हसू लागली. "एक काढतोय, एक भरतोय," ती म्हणाली. "मला वाटलं डोळे बरे झाले. पुन्हा तपासून घ्यायला हवेत."

सुभेदारही हसले. मग त्यांनी विश्वंभरला जवळ बोलावले. त्याच्या एका तळहातावर त्यांनी बर्फ ठेवला, दुसऱ्या तळहाताने तो दाबायला लावला, मग वर आणखी बर्फ ठेवून पुन्हा दाबायला लावले. दोन्ही थर एक झाले. वेगळे करता येईनात.

"बर्फाला बर्फच धरतो," सुभेदार म्हणाले. "नुसतं रबर या चढावर घसरेल. खाचेत बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो, म्हणून चाक वर चढतं. मी भरलं नसतं तरी पुढच्या चार फेऱ्यांत चाकानं स्वतःच भरून घेतलं असतं. तुझ्या लक्षात राहावं म्हणून मी भरलं. विश्वा, हा टायर मी का घेतला सांगू? याला दोन्ही कळतं. चिखल याच्या अंगात शिरतो, पण हा त्याला पुढच्या फेऱ्यात फेकून देतो. बर्फही शिरतो, आणि त्याला हा धरून ठेवतो. माणसाच्या अंगावरही रोज दोन्ही येतं. आपण बहुतेक वेळा चिखल जपतो, आणि ज्याच्या आधारानं वर चढायचं ते कोरून काढतो."

सुभेदारांनी गुडघ्यांवर हात टेकवून उठता उठता विचारले, "बाजारात गाडी अडकली होती तेव्हा कोण हसलं?"

"लालाजी," विश्वंभर लगेच म्हणाला.

"आणि ती बाहेर कशी निघाली?"

"लोकांनी ढकलली."

"कोणी?"

विश्वंभर बोलायला गेला आणि थांबला. इतक्या आठवड्यांत त्याने तो प्रसंग मनात असंख्य वेळा पाहिला होता, पण प्रत्येक वेळी हसण्यापाशीच तो थांबत असे. त्यापुढचे त्याने कधी पाहिलेच नव्हते. आता ते दिसले. आरशात मागे वाकलेली माणसे दिसली. त्यांत सर्वांत पुढे एक जाड माणूस होता, पायजमा मांडीपर्यंत चिखलाने माखलेला, गाडीला खांदा लावलेला, आणि अजूनही हसत असलेला.

"लालाजींनीच," तो हळूच म्हणाला. "दुकान उघडं टाकून आले होते."

"चहा घे," सुभेदार म्हणाले. "गार होतोय."

विश्वंभरने चहा घेतला. मग उरलेली तीन चाके तशीच ठेवून तो स्टिअरिंगवर बसला.

शेवटच्या चढणीवर एक तीव्र वळण होते. तिथे गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकला. आजीने सीटची कड घट्ट धरली. विश्वंभरने ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग सरकत्या बाजूला थोडे वळवले आणि इंजिनाचा वेग तसाच ठेवला. एक क्षण गाडी कोणाचीच नव्हती. मग खालून करकर असा आवाज आला, बर्फाने बर्फ धरला, आणि गाडी पुन्हा रस्त्याच्या मधोमध आली. सुभेदारांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी ते उचलले नव्हते.

लग्नघरी पोहोचले तेव्हा वरात अजून निघायची होती. नवरदेव धावत आला आणि नेहमीच्या सवयीने आजीचा हात आपल्या गालावर ठेवायला वाकला. आजीने हात काढून घेतला. चष्मा थोडा वर करून तिने त्याला नीट पाहिले, बराच वेळ पाहिले.

"कान आजोबांचे आहेत, सुपाएवढे," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," मागून कोणीतरी म्हणाले, आणि अंगणभर हशा पिकला. आजी रडत होती आणि सर्वांपेक्षा मोठ्याने हसत होती.

जेवणाच्या वेळी पाहुण्यांनी विश्वंभरला मध्ये बसवले. एवढ्या बर्फात गाडी वर आणलीत, तुम्हाला कधी भीती वाटत नाही का, असे एका म्हाताऱ्याने विचारले. तेव्हा विश्वंभरने स्वतःहूनच बाजारातली गोष्ट सांगायला घेतली. चाके कशी गरगरत होती, चिखल कोथिंबिरीवर कसा बसला, मैदानातला पैलवान कसा चीत झाला, हे त्याने लालाजींच्या आवाजात सांगितले. ते ऐकून माणसे हसून हसून डोळे पुसू लागली. "आणि मग," तो म्हणाला, "तोच माणूस उठला, चिखलात उतरला, आणि त्यानंच मला बाहेर काढलं." हे सांगताना तो स्वतःही हसत होता. सुभेदार कोपऱ्यात बसून नूडल्सचा रस्सा पीत होते. त्यांनी वाटी आणखी एकदा भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना सुभेदारांनी पुढचे दार उघडले नाही. ते मागच्या सीटवर चढले, पाय लांब केले, कानटोपी डोळ्यांवर ओढली, आणि गाडी खिंडीच्या पहिल्या वळणावर पोहोचण्याआधीच घोरू लागले. वळणापलीकडे कोणी असेल तर त्याला कळावे म्हणून भोंगा वाजवणे भाग होते. विश्वंभरने तो वाजवला, पण अगदी आखूड.