सहावा माणूस

घुंगरवाडी नावाच्या गावात हैबती नावाचा एक ओतारी राहत होता. तो कासं वितळवून घंटा ओतायचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, देवळातल्या घंटा, हत्तीच्या पाठीवरच्या घंटा. त्याच्या हातची घंटा वाजली की नाद बराच वेळ हवेत राहायचा, असं लोक म्हणायचे.

त्याच्या भट्टीवर सहा माणसं होती. हैबती स्वतः, त्याची बायको येसू, धाकटा भाऊ मल्हारी, भाता ओढणारे दोन गडी आणि लिंबाजीकाका.

लिंबाजीकाका हैबतीच्या बापाच्या वेळचा. हैबती आणि मल्हारी दोघांनाही हे काम त्यानंच शिकवलं होतं. आता त्याच्यानं कासं वितळवायची मूस उचलवत नव्हती, भाता ओढवत नव्हता. तो दिवसभर भट्टीजवळ एका फळीवर बसून राहायचा. मातीचा साचा तयार झाला की तो उठायचा, साच्याला उलटा हात लावायचा, साच्याच्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचा. मग म्हणायचा, "ओता." किंवा म्हणायचा, "अजून थांबा." तो थांबा म्हणाला की सगळे थांबायचे. ओल्या साच्यात तापलेला रस पडला तर साचा फुटतो, हे ओताऱ्याच्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

एके वर्षी राजाच्या लक्षात आलं की रानं उघडी पडत चालली आहेत. मोठमोठ्या भट्ट्या गाडीगाडीनं लाकडाचा कोळसा जाळत होत्या. राजानं हुकूम काढला, "यापुढे सरकारी रानातला कोळसा फक्त लहान धंद्यांना मिळेल, आणि तो फुकट मिळेल. मोठ्यांनी आपला विकत घ्यावा."

हुकूम चांगला होता. पण लहान धंदा म्हणजे कोणता, हे हुकमात नव्हतं.

दरबारात यावर आठ दिवस खल झाला. एक म्हणाला, ज्याचं दुकान दहा हातांच्या आत तो लहान. दुसरा म्हणाला, मग पेढीवाला सावकार लहान आणि उघड्यावर बसणारा कुंभार मोठा ठरेल. कुणी म्हणालं, विक्री पाहावी. त्यावर सगळेच हसले, कारण खरी विक्री आजवर कुणी सांगितली होती? शेवटी राजा कंटाळला. म्हणाला, "डोकी मोजा. पाच माणसांपर्यंत काम चालतं तो लहान धंदा. सहावा माणूस आला की मोठा."

डोकी मोजायला सोपी असतात, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

आणि मग राज्यात जिकडे तिकडे धंदे लहान होऊ लागले. शहरातल्या एका शेटजींच्या भांड्यांच्या कारखान्यात वीस माणसं होती. त्यांनी मधे कुडाच्या तीन भिंती घातल्या आणि चार पुतण्यांच्या नावानं चार लहान धंदे केले. चौघांनाही कोळसा मिळाला. ही गोष्ट घुंगरवाडीच्या बाजारात पोहोचली तेव्हा लोक हसले. हैबती मात्र हसला नाही. तो विचार करत घरी आला.

"आपण सहा," तो येसूला म्हणाला. "एकानं हुकतंय."

येसू साच्यासाठी माती मळत होती. ती म्हणाली, "हुकतंय तर हुकू दे. कोळसा आजवर विकतच घेतला की आपण."

"शेटजी विसाचे पाच करतात. मला सहाचे पाच करायला काय हरकत आहे?"

"शेटजींनी माणसं ठेवली, भिंती घातल्या. तुम्ही काय करणार?"

हैबतीची नजर फळीवर बसलेल्या लिंबाजीकाकाकडे गेली आणि येसूनं ती पाहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्यांच्या मांडीवर मोठे झालात तुम्ही."

"त्यांना काढत नाहीये मी. फक्त मोजणीपुरतं."

पुढच्याच आठवड्यात मोजणीचा कारकून आला. विसाजीपंत त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता. उन्हातानात गावोगाव हिंडून तो थकला होता. त्यानं वही उघडली आणि बोटानं एकेकाला मोजलं. पाच झाले. मग त्याचं बोट फळीपाशी थांबलं.

"हा म्हातारा? हा कामाला आहे का?"

भात्याचा आवाज थांबला होता. मल्हारीनं भावाकडे पाहिलं. येसूनं मान खाली घातली.

"नाही," हैबती म्हणाला. "असाच येऊन बसतो. घरी करमत नाही म्हाताऱ्याला."

पंतानं पाच लिहिले, वही मिटली आणि तो पाणी पिऊन निघून गेला.

लिंबाजीकाका जागचा हलला नाही. बराच वेळ तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. मग त्यानं धोतर झटकलं, काठी घेतली आणि तो बाहेर पडला.

दिवस मावळताना हैबती त्याच्या खोपटाकडे गेला. "काका, मनावर घेऊ नका. मोजणी झाली. उद्या या."

म्हातारा चुलीपुढे बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "उद्या परत कुणी मोजायला आलं तर?"

हैबती खाली वाकून चुलीतलं लाकूड आत सारू लागला.

"खोटं बोललास याचं फार वाटलं नाही," लिंबाजीकाका म्हणाला. "पण बोलताना जीभ अडखळली नाही तुझी. म्हणजे हे मनात आधीपासून होतं."

दुसऱ्या दिवशी खोपटाचं दार बंद होतं. म्हातारा घाटापलीकडच्या गावात बहिणीच्या मुलीकडे निघून गेला होता. मल्हारी म्हणाला, "दादा, मी जाऊन घेऊन येतो." हैबती म्हणाला, "राग शांत होऊ दे. येतील आपण होऊन." खरं तर त्याला म्हाताऱ्याच्या समोर उभं राहायची लाज वाटत होती. एक आठवडा गेला, मग एक महिना गेला. सरकारी कोळशाच्या गाड्या दारात रिकाम्या होत होत्या आणि भट्टी पूर्वीपेक्षा जोरात चालली होती. लाज हळूहळू बोथट झाली.

भाद्रपदात एका मोठ्या देवस्थानाची मागणी आली. कमरेइतकी उंच घंटा हवी होती, आणि ती नवरात्राच्या आत हवी होती. एवढं मोठं काम हैबतीकडे पूर्वी कधी आलं नव्हतं. साचा उभा राहिला, पण पावसाची झड लागली होती. हवेला ओल होती. भिंतींना पाणी सुटलं होतं. साच्याभोवती शेकोट्या लावून त्यांनी दहा दिवस तो सुकवला.

अकराव्या दिवशी हैबतीनं साच्याला हात लावला. वरून कोरडा वाटला. त्यानं काकासारखा उलटा हात लावून पाहिला, तोंडाशी वास घेऊन पाहिला. त्याला मातीचा वास आला. मातीला मातीचाच वास येणार.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" मल्हारीनं विचारलं.

"मला नाही रे कळत ते," येसू म्हणाली. "ते कळणारा माणूस आपल्याकडे नाही."

"दिवस हातात राहिलेले नाहीत," हैबती म्हणाला. "ओतू या."

रस तयार झाला. दोघा भावांनी सांडशीत मूस धरली. मल्हारी साच्याच्या तोंडाकडे होता. पहिली धार आत गेली आणि साच्याच्या पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज आला. "मागं हो!" हैबती ओरडला. पण तोवर साचा फुटला होता.

मल्हारी जगला. त्याचे दोन्ही डोळे गेले.

एक गडी त्याच दिवशी काम सोडून गेला. देवस्थानानं घंटा दुसरीकडे सांगितली. हैबती पंधरा दिवस भावाच्या अंथरुणाजवळ बसून होता. सोळाव्या दिवशी तो घाट चढून पलीकडे गेला.

लिंबाजीकाका ओसरीवर शेंगा सोलत होता. हैबती त्याच्या पायाशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. म्हाताऱ्याच्या हातातल्या शेंगा गळून पडल्या.

"मल्हारीला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली आहे," तो म्हणाला. मग तो खाली पडलेल्या शेंगा एकेक करून वेचू लागला.

"चला काका. तुम्ही म्हणाल तसं करतो."

"मल्हारीला भेटायला येईन. भट्टीवर येणार नाही. तिथं बसण्याचा माझा हक्क तू चारचौघांत मोडलास. तो आता तुला जोडता येणार नाही, आणि मलाही नाही."

तो आला. तीन दिवस मल्हारीचा हात हातात घेऊन बसला. जाताना भट्टीच्या दारावरून गेला, पण आत डोकावला नाही.

कार्तिकात विसाजीपंत पुन्हा मोजणीला आला. भट्टी थंड होती. कोपऱ्यात सरकारी कोळशाचा ढीग छपराला टेकला होता. पंतानं हैबतीला मोजलं, येसूला मोजलं, उरलेल्या गड्याला मोजलं. दाराशी मल्हारी बसला होता. त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि मान आवाजाच्या दिशेनं वळलेली होती.

"हा कामाला आहे का?" पंतानं विचारलं.

मल्हारी ऐकत होता. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि या वेळी ते खरंही होतं. पण हैबतीला ते उच्चारवेना.

"पंत," तो म्हणाला, "सहा लिहा."

"सहा? मला तर तीन दिसतात. तीन म्हणजे तू अजून लहानच आहेस. कोळसा चालू राहील."

"गेल्या वेळी सहा होते. मी पाच सांगितले. फळीवर बसले होते ते आमचेच होते."

पंतानं वही बाजूला ठेवली. "हैबती, नीट विचार कर. हे मी लिहिलं तर तुझा कोळसा बंद होईल. आधी दिलेलाही परत न्यावा लागेल."

"न्या."

"आता सांगून तुला काय मिळणार?"

"काही नाही," हैबती म्हणाला. "पण लिहा."

येसू पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. पंतानं सुस्कारा सोडला आणि पुन्हा वही उघडली.

"नाव?"

"लिंबाजी ओतारी."

"काम काय करायचा? भाता, साचा की ओतकाम?"

हैबती रिकाम्या फळीकडे पाहू लागला. तेवढ्यात दारातून मल्हारीचा आवाज आला.

"ते आम्हाला थांबा म्हणायचे."

पंताची लेखणी तशीच हातात राहिली. "असं काम माझ्या वहीत नाही रे बाबा," तो म्हणाला. मग काहीतरी खरडून तो निघून गेला. चार दिवसांनी गाड्या आल्या आणि कोळसा घेऊन गेल्या. पुढे हैबती बैलांच्या लहान घंटा ओतत राहिला. मोठी घंटा त्यानं पुन्हा कधी हातात घेतली नाही.

तात्पर्य: सवलतीच्या मापात बसण्यासाठी जो आपल्या माणसाला परका म्हणतो, तो त्या माणसाबरोबर आपल्या धंद्याचा आधारही घालवून बसतो, आणि मागाहून खरं बोललं तरी गेलेलं परत येत नाही.