सुकाणूपाशी दोन पावलं

"नाना, होडी मुकी होते का?"

धाकू नाना जेटीवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

विचारणारा हरेश्वर होता. बंदरातला सगळ्यात तरुण तांडेल. नऊ माणसांची होडी त्याच्या हातात. सुकाणू धरायला त्याला नानांनीच शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी आपली जागाही त्यालाच दिली.

"कुठली होडी?"

"आपलीच."

"बोलत होती ना चांगली?"

"फोम घातल्यापासून बोलत नाही."

फोमची गोष्ट साऱ्या बंदराला ठाऊक होती.

गेल्या हंगामात सोनू खलाशी माशांच्या चिकट पाण्यावरून घसरला आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. महिनाभर त्याला कूस बदलता येत नव्हती. हरेश्वर रोज त्याच्या उशाशी जाऊन बसायचा. सोनू त्याचा सख्खा मामा नव्हे, पण लहानपणापासून तो त्याला मामाच म्हणत आला.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली तेव्हा हरेश्वरने सगळ्या डेकवर फोम चिकटवून घेतला. करड्या रंगाचा, बोटभर जाड, पाय धरून ठेवणाऱ्या बारीक रेघांचा. या कडेपासून त्या कडेपर्यंत मधे एक जोड नाही. लोक बघायला आले. हात फिरवून गेले. कुणी म्हणालं, "हरेश्वरा, मासे धरायला चाललास की वामकुक्षीला?"

हरेश्वर हसला होता. छाती काढून हसला होता.

"माणसं काय म्हणतात?" नानांनी विचारलं.

"खूश आहेत. गुडघे दुखत नाहीत कुणाचे. सोनू मामा म्हणाला, मामीनेसुद्धा कधी एवढं मऊ अंथरूण घातलं नाही."

"घसरलं कुणी?"

"एकदाही नाही."

"मग?"

हरेश्वर खाली बसला.

"परवा खाडीच्या तोंडाशी होडी वाळूवर चढली, नाना."

"ऐकलं."

"ओहोटी होती. मागून लाट येत होती. आडवे झालो असतो. पुढच्या लाटेने उचललं म्हणून नऊ माणसं घरी आली..."



आमच्या बंदरात होडीवर कुणी पायात काही घालत नाही. तांडेल तर नाहीच. पाणी उथळ होऊ लागलं की फळ्यांची थरथर बदलते. ती डोळ्यांना दिसायच्या आधी तळव्यांत येते. खाडीच्या तोंडाशी वाळू दर महिन्याला जागा बदलते, तिथे तांडेलाला तळव्यांचाच भरवसा. नानांनी हरेश्वरला पहिली गोष्ट हीच शिकवली होती.

"परवा तळव्यांना काही आलंच नाही," हरेश्वर म्हणाला. "गादीवर उभा असल्यासारखा उभा होतो."

"हं."

"आता सांगा, फोम उपटू का? उपटला तर सोनू मामा पुन्हा पडेल. या वयात पुन्हा बरगडी मोडली तर तो उठायचा नाही. ठेवला, तर एक दिवस मीच सगळ्यांना बुडवीन. रात्री झोप नाही मला... नाहीतर सुकाणूच दुसऱ्या कुणाला देतो."

नाना गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू उठले.

"चल."

होडीपाशी सोनू जेटीवर उभा होता. पायाशी त्याचं घोंगडं, जेवणाचा डबा, एक गाठोडं.

"कुठे रे निघालास, सोनू?"

"घरी, नाना."

"का?"

"तांडेल म्हणतो, मी पुढे उभा राहून झोपा काढतो. झोपायचंच तर घरी झोपतो. होडीचं डिझेल कशाला जाळू?"

होडीच्या पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभं राहायचं काम सोनूचं. खाडीत शिरताना बांबूने पाणी मोजायचं, आणि पाणी कमी झालं की ओरडायचं. वाळूवर चढलो ते सोनू ओरडला नाही म्हणून, असं हरेश्वरने परवा जेटीवर चारचौघांत सांगितलं होतं. तीस वर्षं सोनू त्या टोकाला उभा होता. असं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं.

नानांनी हरेश्वरकडे पाहिलं.

हरेश्वर घोंगड्याकडे बघत होता.

"जायचंय तर जा," नाना सोनूला म्हणाले. "पण आधी खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारून येऊ. इंजिन बघायला एक माणूस घे."

नाना होडीच्या काठाला हात लावून, तो कपाळाला टेकवून आत आले. हरेश्वरचा हात धरून ते फोमवर उभे राहिले.

"होडी किती लांब रे, हरेश्वर?"

"छत्तीस फूट."

"सोनू कुठे उभा असतो?"

"पुढे."

"बाकीचे?"

"मधे. जाळ्यापाशी."

"आणि तू?"

"सुकाणूपाशी."

"किती जागेत?"

हरेश्वरने आपल्या पायांकडे पाहिलं.

"उभा राहा तिथे," नाना म्हणाले. "रोज राहतोस तसा."

तो उभा राहिला.

"सोनू, सुरी दे."

"नाना..." हरेश्वर घाईने म्हणाला. "अखंड आहे तो. सगळ्या बंदरात असा कुणाचा नाही."

"हलू नकोस. पाय कापला जाईल."

नाना खाली वाकले. मासे कापायच्या त्या सुरीने त्यांनी हरेश्वरच्या दोन्ही पावलांभोवती चिरत नेलं. सावकाश, भाकरीच्या कडेने बोट फिरवावं तसं. मग त्याला बाजूला करून दोन्ही तुकडे उपटले. खालची फळी उघडी पडली. तिच्यावर गोंदाचे पिवळे डाग होते. ते त्यांनी खरवडून काढले.

"वेडावाकडा झाला," ते म्हणाले. "म्हातारा हात."

हरेश्वरने एक पाऊल ठेवलं. मग दुसरं.

इंजिन सुरू झालं.

त्याचे खांदे खाली आले.

ओहोटी लागली होती. होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली. सोनू पुढे जाऊन बसला होता. तोंड जवळ आलं तसा तो उठला आणि न सांगता त्याने बांबू हातात घेतला.

हरेश्वरची बोटं फळीवर दाबली गेली. तळव्यांत काहीतरी जड झालं, दाटलं. त्याने सुकाणू फिरवलं.

त्याच क्षणी पुढून आवाज आला.

"दोन हात पाणी! उजवीकडे, उजवीकडे!"

होडी वळली. डाव्या हाताला वाळूवर पाणी फुटत होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं इतक्या जवळ. मग पाणी हिरवं झालं, खोल झालं.

हरेश्वर हसू लागला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"बोलली, नाना! बोलली..."

नाना पुढे बघत होते. सोनूच्या पाठीकडे.

हरेश्वरचं हसू ओसरलं. त्याने इंजिन मंद करायला सांगितलं.

"मामा!"

सोनू वळला नाही.

"मामा, परवा तू ओरडला होतास."

"दोनदा," सोनू म्हणाला.

"दोनदा. मी ऐकलं होतं. पण तळव्यांना काही कळत नव्हतं, म्हणून वाटलं, याची काहीतरी चूक होतेय. माझ्या पायांपेक्षा याच्या बांबूला काय जास्त कळणार, असं वाटलं... मग जेटीवर सगळे विचारायला लागले आणि मी तुझं नाव घेतलं."

बांबूवरून पाणी ठिबकत होतं.

"आता तुझं स्वतःचं घेशील?" सोनूने विचारलं. "जेटीवर? चारचौघांत?"

"घेईन. आज घेईन."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

सोनूने बांबू आडवा ठेवला. मागे आला आणि फोमवर पाय पसरून बसला.

"मग माझं घोंगडं तूच परत वर आण. गाठोडंही. उतरवायला मी एकटा होतो, दम लागला मला."

"आणतो, मामा."

"आणि ती भोकं बघून लोक हसतील, तेव्हा तोंड पाडू नकोस. उंदरांनी कुरतडलं म्हणून सांग."

इंजिनवाल्या माणसाला हसू आवरेना. हरेश्वरही हसला. या वेळी छाती काढून नाही.

होडी जेटीकडे वळली. वारा पडला होता. हरेश्वर आपल्या दोन पावलांच्या जागेत मोकळा उभा होता. किती दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटत होतं.

"नाना," तो म्हणाला, "मघाशी तुम्हाला माझ्याही आधी कळलं असणार. तुमचे तळवे ते..."

नाना आपल्या पायांकडे बघून हसले.

"माझे तळवे कधीच गेले, बाबा. साखरेने. सहा वर्षं झाली. काटा रुतला तरी रक्त दिसल्यावर कळतं."



"सहा वर्षं? पण सुकाणू तर तुम्ही दोन वर्षांपूर्वी सोडलंत..."

"हो."

"मधली चार वर्षं... रोज या तोंडातून... होडी कशी आणलीत तुम्ही?"

यात विचारण्यासारखं काय आहे, ते नानांना समजेना.

"अरे, पुढे सोनू होता ना."